काम थांबवण्याचा हक्क

४ फेब्रुवारी

आमच्या वकीलसाहेबांस,

दोघांचे आशीर्वाद. त्यातले आईचे जास्त समज. ती म्हणते, माझ्या वाटणीचे सगळे आशीर्वाद युनियनच्या कामातच संपले.

परवाच्या पेपरात घटना समितीचा फोटो आला. सगळे सभासद कॅमेऱ्याकडे बघताहेत आणि तू शेजारच्याशी वाद घालते आहेस. मानेवरूनच ओळखलं. आईने तो कापून कपाटाच्या दाराला आतून चिकटवला. बाहेरून का नाही, विचारलं तर म्हणाली, "बाहेरून लावला की मिरवल्यासारखं दिसतं. आतून लावला की कपाट उघडायला निमित्त काढता येतं." काल दिवसभर जी बाई येईल तिला तीच एक चादर काढून दाखवत होती.

जनरल देश सोडून पळाला त्याला आता वर्ष होईल. बाजारात लोक मोठ्याने बोलायला लागलेत. मी तर आधीपासूनच मोठ्याने बोलतो, कारखान्यातल्या बॉयलर शॉपने माझे कान खाल्ले म्हणून. आता निदान मी एकटाच वेडा दिसत नाही.

कारखान्याची बातमी मात्र बरी नाही. आपला रेल्वेचा इंजिन कारखाना नव्या सरकारने परदेशी कंपनीला द्यायचं ठरवलंय. कंपनीचा मॅनेजर आला आणि आल्या आल्या पाळी दोन तासांनी वाढवली. कुणाला विचारणं नाही, काही नाही. फाटकावर कागद डकवला आणि झालं. पोरं संपाच्या गोष्टी करताहेत. पण जनरल गेला तरी त्याचा वटहुकूम इथेच आहे. संप केला की तुरुंग. म्हणून सगळ्यांचे डोळे तुमच्याकडे लागलेत. घटनेत संपाचा हक्क आला की तो वटहुकूम आपोआप मेला. मी सगळ्यांना सांगून टाकलंय, मसुद्यातलं एकोणतिसावं कलम माझ्या मुलीने स्वतःच्या हाताने लिहिलंय. काळजी नको.

मी यात नाही. रिटायर माणूस. घराला रंग काढलाय, सध्या खिडक्या घासतोय.

तुझे,
आप्पा


१२ फेब्रुवारी

ती. आप्पा आणि आई,

फोटोत मी वाद घालत नव्हते. शेजारच्या बाईंना नीट बसा म्हणून सांगत होते. तुम्हाला माझं साधं बोलणंही भांडण वाटतं, आणि ही सवय कुणाकडून आली ते आईला विचारा.

आमची बैठक जनरलच्या दरबार हॉलमध्ये भरते. तो जिथे उभा राहून सलामी घ्यायचा तिथे आता चहाचं टेबल आहे. इमारतीत बायकांसाठी न्हाणीघरच नव्हतं, कारण या इमारतीत बायका येतील असं कुणाला वाटलंच नव्हतं. पहिल्या आठवड्यात आम्ही सगळ्या जणींनी मिळून त्याच्या खासगी स्नानगृहाचा ताबा घेतला. नळ सोन्याच्या रंगाचे आहेत आणि सगळे गळतात. आई, तू इथे असतीस तर पहिल्यांदा प्लंबर बोलावला असतास.

समोरच्या बाकांवर गिरणीमालकांचा पक्ष बसतो. त्यांच्यात अर्थशास्त्राचे एक म्हातारे प्राध्यापक आहेत. बाजार मोकळा सोडला की सगळं आपोआप ठीक होतं, असं आयुष्यभर शिकवत आले. जनरलच्या काळात त्यांचीही नोकरी गेली होती. रोज चहाला माझ्याशी भांडतात. परवा म्हणाले, "तुझ्या वडिलांचा कारखाना वर्षानुवर्षं तोट्यात चाललाय." मी म्हटलं, "जनरलच्या पाहुण्यांच्या गाड्या फुकट दुरुस्त करून कोण नफ्यात येतं?" त्यावर हसले आणि त्यांची बिस्किटं माझ्याकडे सरकवली.

कलमांचं म्हणाल तर चर्चा चालू आहे. मसुद्याचं काम म्हणजे पालेभाजी निवडण्यासारखं असतं, एवढा मोठा ढीग, आणि पातेल्यात किती उरेल ते शेवटीच कळतं. तेव्हा आप्पा, लोकांना इतक्यात शब्द देऊ नका.

खिडक्या घासताना स्टुलावर चढू नका.

तुमची,
वकील


२० फेब्रुवारी

चि. वकीलसाहेब,

पत्र मिळालं. फाटकाव—घरीच वाचलं.

शब्द देऊ नका म्हणतेस. तुझा स्वभावच तो. शाळेत पहिली आलीस तेव्हाही निकाल लागेपर्यंत "पेपर बरा गेला" म्हणायचीस. मी इथे सगळ्यांना सांगितलं, मुलगी सांभाळून बोलतेय, याचा अर्थ काम पक्कं आहे.

रंगाचं काम जरा लांबलंय. एकट्याने होण्यासारखं नाही, पण पुष्कळ माणसं मदतीला आहेत. सकाळी आठला सुरू करतो ते दिवे लागेपर्यंत. हवा छान आहे. दिवसभर उघड्यावर बसून भूक चांगली लागते.

त्या प्राध्यापकांना सांग, तोट्यात कारखाना होता, कामगार नव्हते. आम्ही जुळवलेला बॉयलर कधी परत आला नाही.

फोन करू नकोस. पोस्टातला फोन आपल्याला जमत नाही. मी ओरडतो, आणि सगळं पोस्ट ऐकतं.

तुझे,
आप्पा


२२ फेब्रुवारी

चि. ताईस,

आशीर्वाद. हे पत्र मी तुझ्या वडिलांना न सांगता लिहिते आहे.

घराला रंग वगैरे काही नाही. रंगाचा डबा आणला होता, तो जिन्याखाली तसाच पडलाय. सोमवारी कारखान्यातली माणसं काम थांबवून बाहेर आली. तेव्हापासून तुझे वडील रोज सकाळी जेवणाचा डबा घेऊन फाटकावर जाऊन बसतात. मी म्हटलं, "तुम्ही रिटायर ना, तुम्ही कसला संप करणार? तुम्हाला कामच नाही, तर थांबवणार काय?" तर म्हणे, "अनुभवी माणूस लागतो."

तुला कळू द्यायचं नव्हतं. तू घटना लिहितेस आणि बाप कायदा मोडून बसलाय असं कुणी म्हणू नये म्हणून. मला ते पटत नाही. तुमच्या दोघांचं हे नेहमीचंच आहे, एकमेकांना जपता जपता मला मध्ये खोटं बोलायला लावता.

पोलीस येतात, लांब उभे राहतात, जातात. अजून कुणाला धरलं नाही. तब्येत त्यांची उत्तम आहे. खरं सांगायचं तर रिटायर झाल्यापासून इतके बरे कधी दिसले नव्हते.

तुझ्या पत्रातही काहीतरी दडलंय. तू भाजीच्या गोष्टी करायला लागलीस की मला कळतं. तुला भाजी निवडता येत नाही.

तुझी,
आई


२८ फेब्रुवारी

ती. आप्पा,

रंगकाम छान चाललंय असं कळलं. आईवर रागावू नका. तिने माझीही चोरी पकडली आहे.

एकोणतिसावं कलम गाळायचं ठरलंय. महिनाभर मला हे माहीत आहे, आणि तुम्हाला लिहायचा धीर झाला नाही.

कुठलंही कलम मंजूर व्हायला दोन तृतीयांश मतं लागतात. तेवढी आमच्या पक्षाकडे नाहीत. गिरणीमालकांचा पक्ष म्हणाला, संपाचं कलम सोडा, आम्ही शाळेच्या कलमाला मत देतो: चौदा वर्षांपर्यंतच्या प्रत्येक मुलामुलीला फुकट शाळा. आमच्या पक्षाध्यक्षांनी हा सौदा मान्य केला.

आप्पा, अध्यक्ष वाईट माणूस नाही. जनरलच्या तुरुंगात त्यांच्या हातांची नखं काढली होती. ते मला म्हणाले, "संप ज्याला करायचा असतो तो कलम नसलं तरी करतो. शाळा मात्र कलमाशिवाय उघडत नाही." हे वाक्य मी वहीत उतरवून ठेवलंय. रोज काढून वाचते.

पक्षाचा आदेश निघालाय. आदेश मोडला तर पक्षातून बाहेर, आणि पुढच्या निवडणुकीत तिकीट नाही.

आणखी एक. तुम्ही फाटकावर आहात हे इथे काही जणांना कळलंय. समोरच्या पक्षात दोन-चार माणसं डळमळीत आहेत. कलम परत मांडलं तर ती कदाचित माझ्या बाजूने येतील, पण माझ्या घरातच संप चालू आहे म्हटलं की बिथरतील. म्हणून विचारते, हुकूम नाही, विनंती आहे. मतदान होईपर्यंत घरी बसाल का?

आणि मी काय करू, तेही सांगा.

तुमची मुलगी


६ मार्च

चि. बाळास,

तुझं पत्र वाचून आधी राग आला. आई म्हणाली, रागावलेल्या माणसाने पत्र लिहू नये, लाकडं फोडावीत. फोडली. आता वर्षभर पुरतील.

तुमचे अध्यक्ष म्हणतात ते खरं आहे. कलम नसलं तरी संप होतो. मी केलेला आहे. पण त्यानंतर काय होतं तेही त्यांना विचार, त्यांना माहीत असणार. त्या वेळी तू रांगत होतीस. आम्हाला साखळीने बांधून भर दुपारी मोठ्या रस्त्याने नेलं. मला मारलं त्याचं एवढं काही वाटलं नाही. पण रस्त्यावरच्या लोकांनी खिडक्या लावून घेतल्या. ज्यांच्या लग्नात मी पंक्ती वाढल्या होत्या त्यांनीसुद्धा. माणसं वाईट नव्हती. कायद्याने आम्ही गुन्हेगार होतो, आणि गुन्हेगाराला ओळख दाखवणं कुणालाच परवडत नव्हतं. कलमाने पोट भरत नाही हे मलाही कळतं. पण कलम असलं की लोक खिडकी उघडी ठेवतात. मला वाटतं, तेवढ्यासाठीच ते हवं असतं.

आता घरी बसायचं म्हणतेस ते. पोरांना विचारलं. ती म्हणाली, "आप्पा, तुम्ही जा, आम्ही आहोत." मी दोन दिवस विचार केला. नाही जमणार. जो हक्क लपून वापरायचा तो हक्क नव्हे, ती चोरी झाली. तुझी अडचण होईल. होऊ दे. तू अडचणीत चांगली बोलतेस.

मत कसं द्यायचं ते मात्र मला विचारू नकोस. लोकांनी तुला निवडून दिलंय, मला नाही. युनियनच्या निवडणुकीत मी दोनदा पडलोय, ते आई तुला सांगेलच. शाळा निवडलीस तरी मी मान खाली घालून फिरणार नाही, एवढं लक्षात ठेव. ज्या मुलीला मी रात्रपाळी करून शिकवलं तिने शाळेला मत दिलं म्हणून मी रागवेन, इतका मी बावळट नाही.

तुझे,
आप्पा


१५ मार्च

चि. वकीलसाहेब,

काल काय झालं ते तुला माहीत आहेच, पण फाटकावर काय झालं ते माहीत नाही. म्हणून लिहितो.

समितीचं कामकाज रेडिओवर लागणार हे कळल्यावर चहावाल्याने आपला रेडिओ आणून पिंपावर ठेवला. सगळा कारखाना भोवती. मला ऐकू येत नाही म्हणून मान देऊन अगदी पुढे बसवलं. मी कान रेडिओला चिकटवला आणि दुसऱ्या कानात जुना फोरमन प्रत्येक वाक्य पुन्हा सांगत होता. त्यामुळे तुझं भाषण मी दोनदा ऐकलं.

पक्षाचा आदेश मोडून तू कलम परत मांडलंस, तेव्हा सगळे रेडिओच्या आणखी जवळ सरकले. तुला त्याची किंमत काय पडणार हे मी आदल्या दिवशी सगळ्यांना सांगितलं होतं.

मग गिरणीमालकांच्या पक्षातला एक जण उठला. म्हणाला, "या बाईंचे वडील या घटकेला बेकायदा संपात बसले आहेत. ज्यांच्या घरात कायदा मोडला जातो, त्यांनी आम्हाला कायदा शिकवू नये." सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. आणि रेडिओ गप्प. तू बोलेचना. फोरमनला वाटलं बॅटरी गेली, त्याने रेडिओला दोन चापट्या मारल्या.

मग तू बोललीस. फोरमनने सुरुवातीचं मला सांगितलं, पण मग तो सांगायचं विसरून स्वतःच ऐकत राहिला, म्हणून पुढचं मी माझ्याच कानाने ऐकलं. तू म्हणालीस, "सदस्यांची माहिती बरोबर आहे. माझे वडील फाटकावर आहेत. मी त्यांना घरी जायची विनंती केली होती, ती त्यांनी मानली नाही. तिथे कुणाची काच फुटलेली नाही, कुणाच्या अंगाला हात लागलेला नाही. माणसं काम न करता नुसती बसली आहेत. ज्या देशात नुसतं बसणं गुन्हा आहे त्या देशाची घटना आपण लिहितो आहोत. तो गुन्हा तसाच ठेवायचा असेल तर खुशाल ठेवा. पण मग जनरल गेला असं लोकांना सांगू नका."

बाळ, मी आयुष्यात पुष्कळ भाषणं ठोकली. त्यातलं एकही इतकं लहान नव्हतं.

नंतर मतं मोजताना खरखर वाढली आणि कुणालाच नीट ऐकू येईना. निकाल आम्हाला पोलिसाकडून कळला. फौजदार रस्ता ओलांडून आला. त्याच्याकडे स्वतःचा चांगला रेडिओ होता. म्हणाला, "मंजूर झालं." मग टोपी काढली. मी त्याला चहा दिला.

आई घरी एकटीच ऐकत होती. मी आलो तेव्हा कपाट सताड उघडं होतं.

तुझे,
आप्पा


२२ मार्च

ती. आप्पा आणि आई,

मी गप्प का झाले ते सांगते. उत्तर तयार होतं. पण तो "वडील फाटकावर" म्हणाला तेव्हा तुम्ही डबा घेऊन बसलेले डोळ्यांसमोर आलात. पाणी प्यायले, मग बोलले. पाण्याचा आवाज रेडिओवर आला नाही हे बरं झालं.

माझ्यामुळे कलम मंजूर झालं असं तुम्ही तिथे सांगत सुटला असाल. ते अर्धंच खरं आहे. माझ्यानंतर प्राध्यापक उठले. मला वाटलं, आता हे माझी सालटी काढणार. ते आपल्याच पक्षाकडे वळून म्हणाले, "मी आयुष्यभर शिकवलं की श्रम ही विकायची वस्तू आहे, आणि मोकळ्या बाजारात तिची योग्य किंमत ठरते. पण विकणाऱ्याला 'आज विकत नाही' म्हणता आलं तरच तो बाजार. ज्याला नाही म्हणता येत नाही तो काही विकत नसतो. त्याच्याकडून हिसकावून घेतलं जातं. तुम्हाला बाजार हवा असेल तर हे कलम घ्या. नको असेल तर माझी पुस्तकं परत करा." डळमळीत होते ते त्यांच्या मागे आले. आमच्याही पक्षातले काही जण आदेश मोडून आले. आप्पा, हे वाक्य आपल्या माणसाचं नाही याचं तुम्हाला वाईट वाटेल. मलाही वाटलं.

कलमात एक अट घालावी लागली. संपाआधी नोटीस द्यायची, आणि दवाखाने नि पाणीपुरवठा चालू ठेवायचे. तुम्ही नोटिशीला नावं ठेवाल. ठेवा. ती अट मी स्वतः लिहिली आहे आणि मला ती बरोबर वाटते.

आता याची किंमत काय पडली ते. गिरणीवाल्यांनी दुसऱ्या दिवशी शाळेच्या कलमावर राग काढला. सबंध पाडायची त्यांची हिंमत झाली नाही, मतदारांना तोंड दाखवायचं होतं. पण चौदा वर्षांचं बारा केलं. त्या दोन वर्षांची मुलं माझ्या डोळ्यांपुढून जात नाहीत. अध्यक्षांनी मला पक्षातून काढल्याचं पत्र स्वतः आणून दिलं. म्हणाले, "तू बरोबर होतीस की मी, ते त्या बारा वर्षांच्या मुलांना विचारावं लागेल." मी म्हटलं, "विचारू. दोघं मिळून विचारू." त्यांनी हात पुढे केला. मी तो जपून हातात घेतला.

तिकीट आता मिळणार नाही. पुन्हा उभी राहिले तर अपक्ष राहीन, आणि मुद्दा तीच दोन वर्षं असेल. तोपर्यंत कोर्ट आहेच.

तुमची,
वकील


९ मे

चि. वकीलसाहेबांस,

दोघांचे आशीर्वाद. या वेळी माझेही भरपूर आहेत.

नोटिशीबद्दल मी खरंच नावं ठेवली. आईने ऐकून घेतलं आणि म्हणाली, "तुम्ही मला न सांगता तुरुंगात गेला होतात. त्या वेळी अशी अट असती तर मी निदान डबा भरून दिला असता." त्यानंतर मी तो विषय काढलेला नाही. शाळेच्या दोन वर्षांवर मात्र ती तुझ्यावर, अध्यक्षांवर आणि प्राध्यापकांवर सारखीच नाराज आहे. प्रचाराला येणार म्हणते. तुझ्या विरोधकांची मला काळजी वाटते.

कारखान्याचं सांगतो. कारखाना कंपनीकडे गेला. ते थांबलं नाही. वाफेची इंजिनं जाणार, त्यांच्याबरोबर बॉयलर शॉप जाणार. माझा हातोडा ज्या ऐरणीवर चालला ती जागा पुढच्या वर्षी सपाट होईल. मला वाईट वाटतं, पण जग वाफेवर थांबत नाही, एवढं कळण्याइतका मी म्हातारा झालोय.

पण घटना लागू होऊन वटहुकूम मेला त्या आठवड्यात मॅनेजरने निरोप पाठवला, चर्चेला या. कामगारांनी पाच जण निवडले. त्यात एक वेल्डर मुलगी आहे, तुझ्याहून लहान. बोलते कमी, पण एकदा धरलेला मुद्दा सोडत नाही. मी त्या पाचांत नव्हतो. नसावंच. मी नुसता त्यांच्या मागोमाग ऑफिसच्या दारापर्यंत गेलो.

या ऑफिसात मी आयुष्यात पुष्कळदा गेलो. कधी दंड भरायला, कधी माफी लिहून द्यायला. दर वेळी पलीकडचा माणूस बोलायचा आणि मी ऐकायचो, म्हणजे ऐकू येईल तेवढं. परवा मॅनेजरने कागद पुढे घेतला आणि त्या मुलीला विचारलं, "पाळी किती तासांची ठेवावी असं तुमचं म्हणणं आहे?" ती म्हणाली, "होती तेवढीच. आणि बॉयलर शॉपची माणसं काढायची नाहीत, त्यांना नवं काम शिकवायचं." त्याने मान हलवून लिहून घेतलं. काही मान्य केलं, काहींवर वाद झाला, परत भेटायचं ठरलं. दुपारभर चाललं. कुणी आवाज चढवला नाही. पाळी मात्र त्याच दिवशी पूर्वीसारखी झाली.

मध्येच मॅनेजरचं लक्ष दाराकडे गेलं. त्याने विचारलं, "आपण कोण? काही काम आहे का?"

मी म्हटलं, "काम काही नाही, मी रिटायर आहे. बघायला आलोय."

आणि मी उभा राहून बघत राहिलो.

तुझे,
आप्पा